उपचार संपतात, तारखा संपत नाहीत

दर सहा महिन्यांनी आमच्या घरात कपाटावरची एक प्लास्टिकची पिशवी खाली येते. तिच्यात माझी फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट, जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स असतात. पिशवी खाली आली की माझा मुलगा काही विचारत नाही. त्या दिवशी सकाळचा चहा मात्र तोच करतो. आईची तारीख जवळ आली, हे त्याला कळलेलं असतं.

मी जीएनएम झालेली नर्स आहे. धुळे आणि जळगावच्या वॉर्डांत अनेक वर्षं ड्युटी केली. आता नोकरी सोडून वस्त्यांमध्ये महिलांच्या आरोग्याचं काम करते. पाच वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. ऑपरेशन झालं, आठ किमो झाले, पंधरा शेक झाले. शेवटचा शेक झाला त्या दिवशी घरच्यांनी पेढे वाटले. ‘सुटलीस बाई एकदाची,’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण डॉक्टरांनी फाईलवर शेवटी एक ओळ लिहिली होती: तीन महिन्यांनी दाखवणे. भगिनींनो, हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. कारण आपल्या समाजातल्या कितीतरी बायका ऑपरेशन सोसतात, किमो सोसतात, केस गेलेलं डोकं पदराखाली झाकून दिवस काढतात, आणि शेवटी या ओळीपाशी येऊन गळतात.

अक्काची गोष्ट

शिंदखेडा तालुक्यातली एक बाई मला मुंबईत भेटली. मी तिला अक्का म्हणते. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा परळच्या टाटा हॉस्पिटलला येणाऱ्या गरीब रुग्णांचा आधार आहे. तिथे आम्ही दोघी शेजारी शेजारी राहिलो. अक्का कापूस वेचायला जाणारी, मजुरीवर घर चालवणारी बाई. मी नर्स असून किमोनंतर रडायचे, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची.

घरी आल्यावर पहिलं वर्षभर ती तारखेला यायची. मग दिसेनाशी झाली. फोन लागेना. पुढे एका कार्यक्रमाच्या निमित्ताने मी तिच्या गावी गेले, तेव्हा ती ओसरीत भिंतीला टेकून बसलेली होती. चार महिन्यांपासून कंबर दुखत होती. गावातल्या डॉक्टरकडून दुखण्याचं इंजेक्शन घ्यायची, बाम चोळायची आणि कामाला जायची. रोजची गोळी तिने कधीच बंद केली होती.

‘अक्का, तारखेला का आली नाहीस?’ मी विचारलं.

‘सिस्टर, कसाले जावानं? मी ते बरी हुई गऊ ना,’ ती म्हणाली. आणि मग थांबून म्हणाली, ‘मी गऊ नही, ते कोनी इचारं बी नही.’

तपासणीत कळलं, आजार हाडात पोहोचला होता. अक्का आजही आहे. उपचार चालू आहेत, कंबरेचा शेक झाल्यापासून दुखणं बरंच कमी आहे. पण आता तिचे उपचार आजार घालवण्याचे नाहीत, आजार सांभाळण्याचे आहेत. ती तारखेला आली असती तर हे झालंच नसतं, असं मी नर्स म्हणून छातीठोकपणे सांगणार नाही. या आजारात तसं सांगता येत नाही. पण तिची गोळी बंद पडली नसती, आणि चार महिने ती हाडाच्या दुखण्यावर बाम चोळत बसली नसती, हे मी नक्की सांगते. ‘कोणी विचारलंही नाही,’ हे तिचं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

बायका का गळतात

हॉस्पिटलात सहज म्हटलं जातं, ‘हे लोक निष्काळजी असतात.’ मी स्वतः ड्युटीवर असताना हे म्हटलेलं आहे, आणि आज त्याची मला लाज वाटते. शिंदखेड्याहून मुंबईला एका तपासणीसाठी जायचं म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. सोबत कोणी आलं तर त्याचीही बुडते. भाडं, खाणं, राहणं वेगळं. कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख आली तर घरातलंच कोणी म्हणतं, ‘पुढच्या महिन्यात जा.’ तो पुढचा महिना येत नाही.

दुसरं कारण लाजेचं. एक स्तन काढलेली बाई चारचौघांत हळदी-लग्नाला जायचं टाळते. आजाराचं नाव घरात घेतलं जात नाही, मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून. जिथे आजाराचं नावच घ्यायचं नाही, तिथे तपासणीची तारीख कोण लक्षात ठेवणार?

तिसरं कारण आपण धम्म स्वीकारूनही आपल्या घरांतून पुरतं गेलेलं नाही. ‘मागच्या जन्मी काय पाप केलं होतंस,’ हे मी आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आजार हा पेशींचा आहे. त्याला कारणं आहेत आणि त्यावर उपाय आहेत. पाप समजलं की बाई गप्प बसते, आणि गप्प बसण्यात वेळ जातो.

पाठपुरावा म्हणजे नेमकं काय

पुष्कळ बायकांना वाटतं, तारखेला गेलं की मोठमोठी मशिनं, हजारोंचा खर्च. खरं तर ज्या बाईला उपचारानंतर काही त्रास नाही, तिचा पाठपुरावा अगदी साधा असतो.

१. डॉक्टरांनी विचारपूस करून हाताने तपासणं. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा.

२. वर्षातून एकदा मॅमोग्राफी. एक स्तन काढला असेल तर दुसऱ्या बाजूची, स्तन राखून ऑपरेशन झालं असेल तर दोन्ही बाजूंची. शेक झाल्यानंतरची पहिली मॅमोग्राफी साधारण सहा महिने उलटल्यावर करतात.

३. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची गोळी. ज्यांचा आजार हार्मोनवर वाढणारा आहे, त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी निदान पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं नीट घेतली तर अशा आजाराने मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. काही रुपयांची गोळी एवढं काम करते. ती ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नसते.

४. गोळीनुसार किंवा औषधानुसार लागणाऱ्या तपासण्या. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता पाहतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी बंद झालेल्या बाईला अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवायचं. ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं चालू असतील तर हृदयाची इको ठरावीक अंतराने करतात.

बस, एवढंच. याशिवाय काही लक्षणं दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही. स्तनात, काखेत, व्रणावर किंवा गळ्याच्या हाडाजवळ नवी गाठ. दोन-तीन आठवडे न थांबणारं आणि रात्री वाढणारं हाडाचं दुखणं. कोरडा खोकला किंवा दम लागणं. डोळे पिवळे होणं. कारण नसताना वजन उतरणं. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या किंवा फिट. परत आलेला आजार बहुतेक वेळा बाईलाच आधी जाणवतो, दोन तारखांच्या मधल्या काळात. म्हणून ही यादी पाठ असणं कोणत्याही मशिनइतकंच महत्त्वाचं आहे.

जे लागत नाही ते

एकीकडे गरज असलेली बाई तपासणीपर्यंत पोहोचत नाही, तर दुसरीकडे पोहोचलेल्या बाईला नको त्या तपासण्यांत घातलं जातं. माझ्या ओळखीच्या एका बाईला काहीही त्रास नसताना एका खासगी लॅबने ‘खात्रीसाठी’ म्हणून वर्षाला पेट स्कॅन आणि रक्तातल्या ट्यूमर मार्करची तपासणी करायला लावली. त्यासाठी तिने कानातलं मोडलं.

या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे. १९९४ साली इटलीत झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकात १३२० महिला होत्या, दुसऱ्यात १२४३. निम्म्यांना साधा पाठपुरावा, म्हणजे हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी. निम्म्यांना त्याशिवाय छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅन ठरावीक अंतराने; एका अभ्यासात यकृताची सोनोग्राफीही होती. जास्त तपासण्या झालेल्या बायका जास्त जगल्या का? नाही. काही त्रास नसलेल्या बाईला ठरावीक अंतराने पेट, सीटी, हाडांचे स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर करू नयेत, असंच आजही तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्कॅन हवाच, आणि अक्काला तो आधी मिळायला हवा होता. म्हणून कोणी महागडी तपासणी सांगितली तर हात जोडून एकच प्रश्न विचारायचा: ‘डॉक्टर, ही कशासाठी, आणि हिच्यामुळे माझ्या उपचारात काय बदलणार?’ तो विचारणं हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.

रिपोर्टच्या आदल्या रात्री

नोकरीत मी शेकडो लोकांच्या हातात रिपोर्टची पाकिटं दिली. ‘काही नाही हो, डॉक्टर सांगतील,’ म्हणून पुढच्या पेशंटकडे वळायचे. माझं पहिलं मॅमोग्राफीचं पाकीट हातात आलं, तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की ते मला उघडता आलं नाही. ही भीती पाचव्या वर्षीही येते, फक्त आता तिची ओळख झाली आहे. तारखेच्या आधीचा आठवडा झोप लागत नाही, साधी कंबर दुखली तरी वाटतं ‘आलंच परत.’ अनेक बायका या भीतीपायीच जात नाहीत. न गेलं की निदान वाईट तरी ऐकावं लागत नाही.

घरच्यांना माझी विनंती आहे, तिला ‘काही होत नाही, उगाच घाबरतेस’ म्हणू नका. तिच्यासोबत जा. बाकड्यावर शेजारी बसा. तेवढ्याने पुष्कळ होतं.

हाताची काळजी

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात जन्मभर जपावा लागतो. त्या हाताला सूज येऊ शकते, आणि छोट्या जखमेतूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘जड काम टाळा.’ मजुरी करणाऱ्या बाईने काय टाळायचं? कापूस वेचताना सुकलेल्या बोंडाची टोकं हात ओरबाडतात. म्हणून मी बायकांना सांगते, घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आपल्याकडे शेतात बायका तो घालतातच. बाह्या खाली ठेवा. ओरखडा आला तर साबणपाण्याने धुवा. पाण्याचा हंडा, चाऱ्याचा भारा दुसऱ्या बाजूला घ्या. शिकवलेले व्यायाम चालू ठेवा, हात बांधून ठेवू नका. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे जळगाव-धुळ्यात का होऊ नये?

वर सांगितलेल्या पाठपुराव्यात असं काय आहे, ज्यासाठी प्रत्येक वेळी शेकडो किलोमीटर जावं? कॅनडात ९६८ महिलांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. उपचार संपलेल्या निम्म्या महिलांचा पाठपुरावा कॅन्सर केंद्रात झाला, निम्म्यांचा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे. आजार परतणं आणि त्यामुळे होणारे गंभीर त्रास यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आणि आपल्या घरचंच उदाहरण पाहा. टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्या १,५१,५३८ महिलांवर वीस वर्षं एक अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या महिलांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशी व त्यापुढच्या महिलांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास आजार लवकर शोधण्याचा होता. पण नीट शिकवलेल्या साध्या बाईच्या हाताचा किती उपयोग होतो, हे त्याने दाखवून दिलं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उपचार पूर्ण झालेल्या महिलांच्या तपासणीसाठी आठवड्यातला एक वार ठरलेला असावा, आणि तो वार गावोगावच्या आशाताईंना माहीत असावा. वार्षिक मॅमोग्राफी तिथेच, पैसे न भरता व्हावी. गोळ्या ग्रामीण रुग्णालयात मिळाव्यात. शंका आली तरच बाईला फाईलसह मुंबईला पाठवावं. ज्यांचा आजार पसरलेला आहे किंवा ज्यांची इंजेक्शनं चालू आहेत, त्यांना मोठ्या हॉस्पिटलात जावंच लागेल. बाकीच्यांना नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा पहिला टप्पा जुलै २०१२ मध्ये, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपला धुळे जिल्हा होता. या योजनेमुळे आपल्या कितीतरी बायकांची ऑपरेशनं, किमो आणि शेक झाले, हे मान्य केलंच पाहिजे. पण योजनेचा भर उपचारांवर आहे, आणि पाठपुरावा पाच-दहा वर्षांचा आहे. फुल्यांच्या नावाच्या योजनेने बाईला अर्ध्या वाटेवर सोडू नये.

हे होईपर्यंत जे आहे ते तरी पदरात पाडून घ्या. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी आणि तपासणीसाठी जातानाही सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाचं भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून सवलतीचा दाखला भरून घ्या आणि तिकीट खिडकीवर दाखवा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. योजनेच्या चौकशीसाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा.

विहारातली वही

शासनाकडे मागायचं ते मागूच. पण ‘कोणी विचारलंही नाही’ या अक्काच्या बोलण्याला शासन एकटं उत्तर देऊ शकणार नाही. ते आपल्याला द्यायचं आहे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो इतर भिक्खूंच्या काही कामाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, आणि मग संघाला विचारलं की इथे आई-बाप नसताना तुम्ही एकमेकांना पाहणार नाही तर कोण पाहणार. आपण वर्षावासात ग्रंथवाचन करतो, त्यात ही गोष्ट वाचतो आणि पान उलटतो.

आमच्या वस्तीतल्या विहारात गेल्या वर्षापासून एक वही आहे. तिच्यात फक्त नाव, फोन आणि पुढची तारीख. आजाराचं नाव नाही, स्तन-गर्भाशय काही नाही. वही एकाच बाईच्या ताब्यात असते, आणि जिची इच्छा असेल तिचंच नाव लिहितात. तारखेच्या आठ दिवस आधी फोन करायचा, तारीख उलटली की घरी जाऊन यायचं. सोबत जायला कोणी नसेल तर मंडळातली एक जण जाते. भाड्याला कमी पडलं तर दानपेटीतून देतो. जयंतीच्या डीजेचा एका तासाचा खर्च कमी केला तर एका वस्तीतल्या बायकांची वर्षभराची भाडी निघतील, हे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत बोलले आहे. तरुण पोरं आधी रागावली. आता त्यांच्यातलाच एक जण रिक्षाने बायकांना स्टेशनवर सोडतो.

प्रत्येक विहारात अशी एक वही असावी, एवढंच माझं म्हणणं आहे. दोनशे पानी वही किराणा दुकानात मिळते.

आमच्या वहीत आज सात नावं आहेत. पहिलं माझं आहे. अक्का दुसऱ्या जिल्ह्यातली, तरी तिचं नाव आम्ही शेवटी लिहून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात तिची तारीख आहे. या खेपेला मी सोबत जाणार आहे.

जय भीम.